अंतराळातलं बाळंतपण आणि भामरागडचा पावसाळा

२०२२ सालचा गुढीपाडवा २ एप्रिलला होता. त्या संध्याकाळी विदर्भातल्या कितीतरी गावांनी आकाशातून जळत जाणाऱ्या वस्तूंची रांग पाहिली, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची एक भलीमोठी कडी येऊन पडली. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे ते तुकडे असावेत, असं जाणकारांनी सांगितलं; तपासणीसाठी इस्रोची माणसं आली. या जंगलपट्टीचा अंतराळाशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर लाडबोरीकडे बोट दाखवता येईल. मला मात्र दुसऱ्याच एका संबंधाविषयी लिहायचं आहे, आणि तो बाळंतपणाचा आहे.

अंतराळात माणसाचं मूल जन्माला येऊ शकेल का, हा प्रश्न आता कथा-कादंबऱ्यांपुरता राहिलेला नाही. २०१८ साली स्पेसलाइफ ओरिजिन नावाच्या एका डच कंपनीने जाहीर केलं होतं की २०२४ पर्यंत एका गरोदर बाईला डॉक्टरांच्या पथकासह पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर नेऊन तिथे तिचं बाळंतपण करू. वर्षभरातच त्यांनी तो बेत गुंडाळला. पण बेतामागचा विचार संपलेला नाही. चंद्रावर, मंगळावर वस्ती करायची भाषा सरकारंही करतात आणि कंपन्याही. चार दिवस राहून परतणाऱ्यांच्या तळाला वस्ती म्हणत नाहीत. वस्ती म्हटली की तिथे लग्नं होणार, मुलं होणार, म्हाताऱ्यांची शुश्रूषा होणार. तेव्हा हा प्रश्न विचारणारे वेडे नाहीत. त्यांना उत्तर द्यायला हवं, आणि माझ्या मते त्या उत्तराचा बराचसा भाग गडचिरोली जिल्ह्याला फार आधीपासून ठाऊक आहे.

आधी शास्त्राला काय माहीत आहे ते पाहू. आजवर एकाही माणसाचा गर्भ अंतराळात वाढलेला नाही. गरोदर बाईला यानात बसवत नाहीत. उड्डाणाआधी तशी चाचणी होते. जे काही कळलं ते प्राण्यांकडून. १९७९ साली सोव्हिएत संघाने कॉस्मॉस ११२९ या उपग्रहात उंदरांचे नर आणि माद्या एकत्र पाठवले. परतल्यावर एकाही मादीला पिल्लं झाली नाहीत. १९९० मध्ये मीर स्थानकावर लाव्याची अंडी उबली, पिल्लं बाहेर आली, पण तरंगणाऱ्या त्या जिवांना स्वतःला सावरून दाणा टिपणंच जमेना. १९९४ मध्ये कोलंबिया यानात गेलेल्या मेडाका जातीच्या चार माशांची गोष्ट वेगळी झाली. त्यांनी तिथेच अंडी घातली आणि आठ पिल्लं तिथेच जन्मली. पाण्यात राहणाऱ्याला वजनाची सवय आधीच कमी, हे त्यामागचं एक कारण असणार. पुढे जपानच्या तेरुहिको वाकायामा यांच्या गटाने उंदराचे वाळवून ठेवलेले शुक्राणू जवळजवळ सहा वर्षं अंतराळ स्थानकावर ठेवले, खाली आणले, आणि त्यांपासून धडधाकट पिल्लं जन्माला आली. २०२१ मध्ये याच गटाने उंदराचे भ्रूण वर पाठवले. चार दिवसांत ते जसे वाढायला हवे तसे वाढले.

यावरून इतकं दिसतं की जीव धरण्याच्या अगदी पहिल्या टप्प्याला वजनाची फारशी गरज नसावी. अडचण पुढे आहे. १९९४ आणि १९९५ मध्ये अमेरिकी यानांतून गाभण उंदरिणी नेल्या, उतरल्यावर त्यांची वीण पृथ्वीवर झाली, तेव्हा त्यांना पृथ्वीवरच राहिलेल्या माद्यांच्या सुमारे दुप्पट कळा द्याव्या लागल्या. पिल्लांना पाण्यात उलटं सोडलं तर सुलटं व्हायला सुरुवातीला वेळ लागत होता. कानातलं तोल सांभाळणारं यंत्र वजनाशिवाय घडलं होतं. अंतराळात प्रत्यक्ष वीण झालेला सस्तन प्राणी अजून एकही नाही.

किरणोत्सर्गाचं गणित तर फार सोपं आहे. स्थानकावर दिवसाला साधारण अर्धा मिलिसिव्हर्ट मात्रा अंगाला लागते. किरणांच्या कामावर असलेल्या बाईने आपण गरोदर आहोत असं कळवलं की उरलेल्या दिवसांत गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त लागू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणजे त्या सगळ्या दिवसांची मर्यादा तिथे दोन-तीन दिवसांत संपते. जाड भिंती बांधून हे कधीतरी सुटेल. पण हाडांचं काय? मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडांची घनता तिथे महिन्याला एक-दीड टक्क्याने घटते. ज्या मुलाची हाडं वजन न पेलताच घडतील, त्याला पुढे पृथ्वीवर उभं राहता येईल की नाही, हे आज कुणीही सांगू शकत नाही. आईने स्वतःच्या जिवाची जोखीम घ्यायची ठरवली तर तो तिचा हक्क मी मान्य करीन. मुलाला मात्र जन्मायच्या आधीच पृथ्वीवरून हद्दपार करण्याचा हक्क कुणालाही नाही.

आता खुद्द बाळंतपण. मूल वजनाने खाली पडत नाही. गर्भाशय स्वतःच्या बळाने त्याला बाहेर ढकलतं, त्यामुळे वजन नाहीसं झालं म्हणून कळा थांबतील असं नाही. तरी वजनाचा हातभार असतो, आणि तो आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होता. उकिडवं बसून, आढ्याला बांधलेल्या दोरीला धरून किंवा मागून कुणाच्या तरी अंगावर रेलून बाळंत होण्याची रीत आपल्याकडे गावोगाव होती. दवाखान्यांनी बाईला टेबलावर उताणी झोपवली ती तपासणाऱ्याच्या सोयीसाठी. पुढे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा दिसलं की कळांच्या पहिल्या टप्प्यात उभ्या राहणाऱ्या, हिंडणाऱ्या बायकांचा तो टप्पा सरासरी तासाभराहून जास्त लवकर सरतो. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की कोणत्या स्थितीत बाळंत व्हायचं ते बाईला ठरवू द्यावं. गावच्या सुईणीची ही समज दवाखान्याने पन्नास-साठ वर्षं ऐकून घेतली नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण अंतराळातल्या बाळंतपणात वजनाची उणीव खरी भासेल ती कळांच्या वेळी नाही. ती भासेल हाताशी असलेल्या साध्या साध्या वस्तूंमध्ये. बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची एक प्लास्टिकची चादर असते. तिच्या टोकाला खाली लोंबणारी, मापाच्या रेघा मारलेली पिशवी असते. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएम सिस्टरांनी हीच चादर वापरून रक्त मोजलं. २००६ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या अभ्यासात बाळ जन्मल्यावर लगेच रक्त थांबवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्या बायकांमध्ये अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं होतं. रक्त किती गेलं हे डोळ्यांनी अजमावताना अनुभवी माणूसही चुकतो. पिशवी चुकत नाही. आता वजन काढून घ्या. रक्त पिशवीत उतरणारच नाही. ते जखमेशीच गोळा होऊन चिकटून राहील किंवा थेंबाथेंबांनी खोलीभर तरंगेल.

बाळाचंही तसंच. जन्मल्याबरोबर त्याचं तोंड-नाक पुसतात, कुशीवर घेतात, आतलं पाणी आपोआप ओघळतं. वजन नसलेल्या जागी पाणी ओघळत नाही, चेहऱ्याला बिलगून राहतं. १६ जुलै २०१३ रोजी लुका पार्मितानो हा इटालियन अंतराळवीर यानाबाहेर काम करत असताना त्याच्या शिरस्त्राणात पाणी साचलं, ते डोळ्यांवर, नाकावर चढलं, आणि तो धडधाकट, प्रशिक्षित माणूस बुडता बुडता वाचला. शिवाय तिथे गरम हवा वर जात नाही. श्वासातून सोडलेली हवा पंख्याने हलवली नाही तर तोंडापाशीच साठून राहते. झोपलेल्या अंतराळवीरांसाठी ही काळजी घ्यावी लागते. पहिलाच श्वास घेणाऱ्या जिवासाठी किती घ्यावी लागेल!

याच संदर्भात मला गडचिरोलीतल्या दोन वस्तू आठवतात. पहिली, बाळाला झोळीत घालून टांगायचा स्प्रिंगचा वजनकाटा. दुसरी, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बनवलेलं श्वास मोजायचं साधन. एका पट्टीवर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. ज्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, तिने बाळाच्या पोटाकडे पाहत दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या हाती निदान देणारी ही युक्ती मला आपल्याकडच्या उत्तमोत्तम शोधांत मोजावीशी वाटते. काटा आणि वाळू, दोन्ही वजनावर चालतात. अंतराळात दोन्ही निकामी ठरतील. तिथे वेगळी साधनं करता येतील, केलीही आहेत. अंतराळवीरांना स्प्रिंगवर झुलवून त्यांचं वस्तुमान मोजतात. पण साधनामागचं तत्त्व तेच राहील: बाळंतपण जिथे होतं तिथेच, तिथल्याच माणसाच्या हातात निदान आणि पहिला उपचार.

हे तत्त्व काटेकोरपणे तपासलं गेलं ते गडचिरोलीत. १९९३ ते १९९८ या काळात सर्चने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा प्रयोग केला. तुलनेसाठी आणखी ४७ गावं होती. प्रत्येक गावातली एक बाई आरोग्यदूत झाली. ती बाळाचं वजन करी, ताप मोजी, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवायला शिकवी, न रडणाऱ्या बाळाला श्वास देई, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देई. त्या वेळी या गावांत ४२ टक्के बाळं अडीच किलोंहून कमी वजनाची जन्मत होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी उतरला होता. डिसेंबर १९९९ मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि २०११ पासून घरपोच नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर गावोगावच्या आशा सेविकांमार्फत सुरू झाला. मूळ प्रयोगातल्या गावांत ना नवी इमारत उभी राहिली होती, ना तिथे बालरोगतज्ज्ञ राहायला गेला होता.

जुन्या काळाचे गोडवे मात्र मी गाणार नाही. त्याच गावांत १९९५-९६ मध्ये ७७२ बायकांची बाळंतपणात आणि नंतरच्या दिवसांत नोंद ठेवली गेली. जवळपास सगळी बाळंतपणं घरीच. निम्म्याहून जास्त जणींना काही ना काही त्रास झाला, आणि शंभरातल्या पंधरा जणींची अवस्था अशी झाली की तातडीने डॉक्टर हवा होता. म्हणजे पंच्याऐंशी जणी तातडीच्या डॉक्टरविना निभावून जातात, म्हणून गाव म्हणतं की बाळंतपण काय, होऊन जातं. पंधरा जणी कोणत्या, ते मात्र आधी सांगता येत नाही. पहिली तीन बाळंतपणं सुखाने झालेली बाई चौथ्याला रक्त जाऊन मरते.

आणि ती किती वेळात मरते? बाळ झाल्यावर रक्त थांबलं नाही आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण दोन तास. अंतराळ स्थानकावरून सोयूझ यान सुटं करून जमिनीवर टेकायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात, आणि खाली येताना अंगावर चौपट वजनाचा दाब येतो. चंद्रावरून यायला तीन दिवस. मंगळावरून सहा-सात महिने. त्यामुळे अंतराळात बाळंतपण नको या निर्णयामागे मला वजनहीनतेपेक्षा मोठं कारण दिसतं ते या दोन तासांचं. वजन फिरत्या स्थानकात कृत्रिम रीतीने निर्माण करता येईल. मदतीचं अंतर तसं कमी करता येणार नाही.

मग गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडकडे पाहा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून हे तालुक्याचं गाव पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तिन्ही नद्या तिथे भेटतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी चढलं की गावाचा संपर्क तुटतो. आतल्या वस्त्यांची वाट त्याआधीच नाल्यांनी अडवलेली असते. आल्लापल्लीच्या पलीकडे खाटेची डोली करून अडलेल्या बाईला खांद्यावर आणणं, डोंग्यातून नदी पार करणं, हे कुणाला नवल वाटण्यासारखं राहिलेलं नाही. जुलै २०२४ मध्ये भामरागड तालुक्यात रस्त्याचं काम चालू असताना केलेली तात्पुरती वाट वाहून गेली, आणि एका गरोदर महिलेला जेसीबीच्या बकेटमध्ये उभं करून पुराच्या नाल्यापार न्यावं लागलं. चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. जेसीबी चालवणाऱ्याच्या प्रसंगावधानाचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ती बाई दोन तासांच्या आत शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा टेबलापर्यंत पोहोचू शकत होती का, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे: अंतराळ संस्थांनी जो निकष लावला तो जमिनीवर लावा. आई-बाळाच्या सुरक्षिततेची हमी देता येत नाही, म्हणून त्या संस्था गरोदर बाईला जाऊ देत नाहीत, आणि हे शहाणपणाचं आहे असं आपण सगळेच मानतो. तीच हमी नसताना जुलै-ऑगस्टमध्ये भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याच्या आतल्या गावांत किंवा जिवतीच्या डोंगरावरच्या कोलामांच्या वस्तीत बायका बाळंत होतात, तेव्हा त्याला आपण पाऊस म्हणतो, दुर्गमता म्हणतो, नशीब म्हणतो. अंतराळातल्या अनिश्चिततेला धोका म्हणणारी आपली जीभ इथे तो शब्द का उच्चारत नाही?

यावर एक ठरलेलं बोलणं ऐकू येतं. आधी गडचिरोलीचे रस्ते करा, मग चंद्र-मंगळाच्या गोष्टी करा. हा वाद मला मुळीच पटत नाही. पूर येणार हे ज्या उपग्रहांमुळे आधी कळतं तेही अंतराळ संशोधनातूनच आले. ज्ञानाची एक शाखा छाटली म्हणून दुसरीला पालवी फुटेल याचा काही भरवसा नाही. उलट मला वाटतं की दूरच्या वस्त्यांचा विचार करणाऱ्यांनी गडचिरोलीत येऊन शिकावं. वैद्य नसलेल्या जागी किती कौशल्य कुणाच्या हाती द्यायचं, कोणती साधनं बिघडत नाहीत, कोणता निर्णय थांबू शकतो आणि कोणता नाही, हे इथे पन्नास वर्षांहून जास्त काळ अजमावलं जात आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यासमोर हाच प्रश्न होता. फक्त त्यांच्याभोवती हवा होती, जंगल होतं, आणि लोक होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळी बाळंतपणं दवाखान्यातच करा, म्हणजे प्रश्न मिटला. आज बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, हे मोठं काम झालं आहे आणि त्यामागे आशा, अंगणवाडी सेविका, रुग्णवाहिकेचे चालक यांचे कष्ट आहेत. राज्य सरकारची माहेरघर योजनाही मनापासून चांगली आहे: प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहायचं, सोबत एखादं माणूस आणायचं, जेवणाची सोय तिथेच. पण अंतराळात जाणारी बाई पृथ्वीवर राहायचं ठरवू शकते. भामरागडच्या बाईचं घरच तिथे आहे. पूर येतो तेव्हाच धानाची रोवणी असते. घरी दोन लहान लेकरं, शेळ्या, कोंबड्या. पंधरा दिवस माहेरघरात येऊन राहा म्हणताना रोवणीला तिच्या जागी कोण उभं राहील, याचा हिशेब सरकारने मांडायला हवा. बुडालेली मजुरी पूर्ण आणि वेळेवर मिळाली, लेकरांना सोबत ठेवायला ऐसपैस जागा मिळाली, तिची भाषा बोलणारं कुणी तिथे असलं, तर ती येईल. माडिया बोलणाऱ्या बाईला मराठीत दटावलं तर ती पुन्हा येणार नाही, आणि तिला दोष देता येणार नाही.

एवढं करूनही काही जणी गावातच बाळंत होतील. तारीख चुकते, नाला अचानक चढतो, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू होतात. त्या घरात त्या रात्री आशाताई असेल. आज तिच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर असतो. ती घरी जन्मलेल्या बाळाला १, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटते, धोक्याची लक्षणं ओळखते आणि दवाखान्यात न्या म्हणून सांगते. न्यायला वाटच नसेल तर पुढे काय, याचं उत्तर तिच्या हाती दिलेलं नाही. सर्चच्या प्रयोगात आरोग्यदूत जे इंजेक्शन देत होती ते देशाचा कार्यक्रम करताना आशाच्या हातातून काढून घेतलं गेलं, कारण डॉक्टर किंवा नर्स नसलेल्याने सुई टोचायची नाही असा आपला नियम. शहरात तो नियम योग्यच आहे. ज्या गावांचा रस्ता दर पावसाळ्यात बंद होतो त्यांची यादी तहसील कचेरीत असते. औषध आणि धान्य आधी पोहोचवायला तीच यादी लागते. त्याच यादीतल्या गावांपुरतं, जून ते ऑक्टोबर, नीट शिकवलेल्या आणि दरवर्षी परीक्षा घेतलेल्या आशाताईला जेंटामायसिन, श्वास देण्याची पिशवी आणि रक्त थांबवायच्या गोळ्या वापरायची परवानगी द्यावी. मिसोप्रोस्टॉलच्या बाबतीत तर कुशल हात नसतील तिथे प्रशिक्षित आरोग्यसेविकेने ती द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना २०१२ पासून सांगते आहे. या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळावा, आणि काही बिघडलं तर तिच्या एकटीवर खापर फुटणार नाही, हे आदेशात लिहिलेलं असावं. असा आदेश पुढच्या पावसाळ्याआधी निघू शकतो.